सरपंचबाई काय म्हणाल्या

चूक माझी होती. ग्रामसेवकाची नाही, गावाची नाही, मोबाइलची तर मुळीच नाही. भर ग्रामसभेत आमच्या सरपंचबाई एक शब्द बोलल्या आणि तो मला कळला नाही. कळला नाही, हेही मला कळलं नाही. मी तो मोबाइलमध्ये पकडला, वर टिंगलीचं एक वाक्य लिहिलं आणि ज्यांनी आमचं गाव कधी पाहिलंही नाही अशा माणसांना दाखवला. त्यापायी तांड्याच्या तोंडचं पाणी जायची वेळ आली.

आमचं गाव महागाव तालुक्याच्या एका टोकाला आहे. खाली गाव, वर माळावर बंजाऱ्यांचा तांडा, आणि दोघांची ग्रामपंचायत एकच. माझं शेत तांड्याच्या वाटेवर, कपाशी आणि तूर. गावाच्या स्टँडवर माझं फवारणी पंप दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. पावसाळ्यात तिथे गर्दी असते, एरवी मी आणि मोबाइल.

इंटरनेटवरच्या त्या चर्चामंचावर मी राजकारण शिकायला गेलोच नव्हतो. पंपाच्या इंजिनाचा एक पार्ट कुठे मिळेल ते शोधत होतो. पार्ट मिळाला नाही, पण कापूस आयातीवर कोणीतरी लिहिलेलं सापडलं. त्याखाली माणसं भांडत होती, आणि इतक्या नीट भांडत होती की मी थांबलो. गावात राजकारण म्हणजे कोण कोणाच्या गाडीत बसला, कोणाच्या लग्नात कोण पहिल्या पंगतीला होता. इथे लोक विचारत होते की हा नियम कोणत्या वर्षी बदलला, कोणी बदलला, कोणाच्या फायद्याचा. कोणी काही ठोकून दिलं की लगेच दुसरा म्हणायचा, "दुवा द्या." म्हणजे पुरावा दाखवा. मला ते फार आवडलं. मीही एक टोपणनाव घेतलं आणि आत शिरलो.

जे मिळालं ते नाकारणार नाही. शासन निर्णय कसा वाचायचा ते मी तिथे शिकलो. ग्रामसभेच्या वहीत सही करून उठून जायचं नसतं, विषय मोठ्यानं वाचायला लावायचा असतो, हे तिथेच कळलं. माझ्या मागे लागण्यामुळेच सभेची नोटीस वेळेवर फळ्यावर लागू लागली. आमच्याकडची शिकलेली पोरंही जे विचारत नव्हती ते मी विचारू लागलो. कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाला ही फार मोठी गोष्ट वाटते.

पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट अंगात भिनली. समोरचा बोलत असताना त्याचं ऐकायचं कमी आणि त्याचा मुद्दा कुठे मोडतो ते शोधायचं जास्त. बायको एकदा ताट वाढताना म्हणाली, "तुमी जेवताना बी कोणाले तरी हरवून राह्यले. वरणात मीठ कमी हाये म्हणलं तं दुवा मागसान!" मी हसलो. तिनं गंमत केली असं मला वाटलं होतं.

त्या सुमारास मंचावर 'सरपंचपती' या विषयावर मोठी चर्चा चालू होती. बाई निवडून येते, खुर्चीवर तिचा नवरा बसतो, सह्या तिच्या आणि कारभार त्याचा. राज्याच्या कानाकोपऱ्यातले किस्से येत होते आणि बहुतेक खरेच असावेत. वाचता वाचता मी मान वर केली आणि मला आमची ग्रामपंचायत दिसली.

आमच्या सरपंचबाई तांड्यावरच्या. जागा महिलेसाठी राखीव झाली तेव्हा निवडून आल्या. सभेत ओढणी कपाळाच्या खाली ओढून बसायच्या. त्यांच्या खुर्चीमागे त्यांचा नवरा उभा असायचा. कोणी प्रश्न विचारला की बाई हळूच काही पुटपुटायच्या आणि उत्तर नवरा द्यायचा. तो माझा शाळासोबती. एका सायकलवर डबलसीट आम्ही महागावच्या शाळेत जायचो. त्याला विचारलं असतं तर त्यानं सगळं सांगितलं असतं. पण मला विचारायचं नव्हतं, मला तर आधीच माहीत होतं.

ऑगस्टमधल्या झेंड्याच्या दिवसाची ग्रामसभा होती. त्या दिवशी नळयोजनेच्या टाकीचा विषय असल्यामुळे तांड्यावरची माणसं आली होती. सरपंचबाईंचे सासरे, तांड्यातलं सगळ्यात वडीलधारं माणूस, लाल पागोटं बांधून अगदी पुढे बसले होते. विषय सुरू होण्याआधीच मी उठलो. मोबाइलवरून शासनाचा आदेश वाचून दाखवला आणि म्हणालो, "महिला सरपंचाच्या कामकाजात नातेवाइकानं हस्तक्षेप करू नये. सरपंचाचं उत्तर सरपंचानंच दिलं पाहिजे."

उपसरपंच लगेच म्हणाले, "भाऊ बरोबर बोलून राह्यले. आज सगळं कायद्यानंच होऊ द्या."

एरवी माझं नाव काढलं की तोंड कडू करणारा हा माणूस आज इतका खूश काहून, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

माझा सोबती म्हणाला, "मी मायं काही बोलत नाही ना बावा. तिचं हाये ते सांगतो फक्त."

"तेच तर," मी म्हणालो. "तिचं तिलाच सांगू दे."

टाळ्या पडल्या. तो आधी बायकोकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे, आणि निमूट बाहेर जाऊन हापशीजवळ उभा राहिला. मी मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला.

ग्रामसेवकांनी ठराव वाचला. टाकी तांड्याच्या माळावर व्हायची ठरली होती. तिची जागा बदलून ती आता खाली, उपसरपंचांच्या शेताला लागून घ्यावी, असा तो ठराव. माळ उंचावर आहे. टाकी खाली बांधली तर तांड्यावर नळ लागतील, पण त्यांना पाणी येणार नाही. मला हे समजत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी माझं लक्ष टाकीवर नव्हतंच.

"सरपंचबाई, ठराव मंजूर समजायचा ना?" ग्रामसेवकांनी विचारलं.

बाईंनी ओढणी आणखी खाली ओढली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "कोनी."

आम्ही वऱ्हाडी माणसं. 'कोणी'ला 'कोनी'च म्हणतो. सगळ्यांना ऐकू आलं ते 'कोणी?' मंजूर कोणी करायचा, असं सरपंचच विचारतायत! सभा हसली.

"कोनी म्हंजे? बाई, तुमीच!" एकजण ओरडला.

"कोनी बी करा, पन लवकर करा. फवारणी राह्यली माई," दुसरा.

बाई पुन्हा म्हणाल्या, "कोनी, कोनी." हसणं वाढलं. मागच्या बाजूला तांड्यावरची माणसं, दोन बाया तर उठून, काहीतरी ओरडत होती, पण हशात ते बुडून गेलं. मी मोबाइल त्यांच्याकडे वळवला नाही. उपसरपंचांनी हात वर केला, त्यांच्या बाजूच्यांनी केले, आणि ग्रामसेवकांनी वहीत लिहिलं, सर्वानुमते मंजूर.

घरी येऊन मी तो व्हिडिओ मंचावर टाकला. वर लिहिलं, 'निर्णय कोणी घ्यायचा, हे सरपंचच विचारतात!' लोकांनी माझं जेवढं कौतुक केलं, तेवढं आयुष्यात कधी झालं नव्हतं. पंधरा ऑगस्टला याहून चांगली भेट नाही, असंही एकानं लिहिलं. मंचावरचे एक जुने सभासद होते, बहुधा निवृत्त अधिकारी असावेत, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई नेमकं काय म्हणाल्या? त्यांची बोली कोणती आहे?" मी उत्तर दिलं, "काका, मुद्दा भाषेचा नाही, व्यवस्थेचा आहे." या उत्तरालाही पुष्कळ अंगठे मिळाले.

मंचावरून व्हिडिओ गावच्या ग्रुपवर आला. मग बाई पंचायतीत जायला खाली उतरल्या की पानठेल्यावरून पोरं आवाज द्यायची, "कोनी? कोनी?" माझ्या दुकानातून ते स्पष्ट ऐकू यायचं. मी पोरांना गप्प करायला एकदाही उठलो नाही.

मग एक दिवस माझा सोबती पंप घेऊन दुकानात आला. तो आता भांडेल, असं मला वाटलं. त्याच्यासाठी उत्तरंही तयार होती, मंचावर घासूनपुसून लख्ख केलेली. तो पालथ्या क्रेटवर बसला आणि माझं काम पाहत राहिला.

"नोझल बसलं?" त्यानं विचारलं.

"बसलं."

"मंग आता ऐकतं का?" तो म्हणाला. "त्या व्हिडिओत ती काय म्हणली, तुले काय वाटते?"

"कोणी, असं म्हणाल्या."

"आमच्या बोलीत कोनी म्हंजे नाही. पाणी कोनी म्हंजे पाणी नाही. म जाऊ कोनी म्हंजे मी जात नाही. ठराव मंजूर का, असं इचारलं, तिनं नाही म्हणलं. तीनदा म्हणलं. तुमी तिन्ही वेळा हासले."

मी पान्हा खाली ठेवला. तरी सवय जाते थोडीच! मी विचारलं, "मग मराठीत मोठ्यानं का नाही बोलल्या? त्यांना मराठी येते की."

"तुयापेक्षा बरी येते. पन समोर माया बाप बसला होता ना. सासऱ्याम्होरं ती मोठ्यानं बोलत नाही, लगन झाल्यापासून नाही. म्हणून तं मी मागं उभा राहतो. तिनं हळू सांगायचं, मी मोठ्यानं म्हणायचं. तू म्हणतं मी तिच्या खुर्चीवर बसलो. अरे, घरात तं ती मले बोलू देत नाही, अन् सभेत मायं राज कुठून येईन?" तो हसलाही. मग हसू मावळलं. "तुले बोलायचंच होतं तं बापाले बाहेर बसा म्हणाचं होतं. तू मलेच काढलं."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"तांड्याच्या वाटेवर वावर हाये तुयं," तो म्हणाला.

मी म्हणालो की माझी चूक झाली, तेवढं त्यांना सांग. पंप उचलता उचलता तो म्हणाला, "मी नाही सांगत. तुयं तूच सांग."

तो गेल्यावर मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. ऐकण्याआधी दिसलं. 'कोनी' म्हणताना बाईंची मान स्पष्ट आडवी हलत होती. नकार डोळ्यांनाही दिसत होता. हजारो लोकांनी तो पाहिला, माझं कौतुक केलं, माझ्याशी वादही घातला, आणि एकालाही ती मान दिसली नाही. मला तरी कुठे दिसली होती? मी त्या बाईचा चेहरा पाहत होतो तो माझ्या मुद्द्याचं उदाहरण म्हणून.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, नाहीतर हीही सोयीची कबुली होईल. सुनेनं सासऱ्यासमोर बोलू नये, ही रीत मला तेव्हा पटत नव्हती, आजही पटत नाही. सरपंचपतींबद्दल मंचावर जे वाचलं, तेही खोटं नव्हतं. पण त्या रीतीतून त्या बाईनं स्वतःपुरती एक वाट काढली होती, आणि त्या वाटेनं ती खरंच कारभार करत होती. ती वाट मी बुजवली, दुसरी काही दिली नाही, आणि त्याच वेळी तिच्या तांड्याच्या पाण्याचा निकाल लागत होता.

मी ठरवलं, हे दुरुस्त करायचं. कितीही तोंडघशी पडावं लागलं तरी करायचं.

आधी मंचावर खुलासा लिहिला. 'कोनी'चा अर्थ लिहिला, चूक माझी आहे असं लिहिलं आणि व्हिडिओ काढून टाकला. तीन-चारच उत्तरं आली. एकानं विचारलं, "तुम्हालाही मॅनेज केलं वाटतं?" दुसरा म्हणाला की अपवादानं नियम बदलत नाही. त्याच रात्री दुसऱ्या कोणत्या तरी सरपंचाचा दुसरा व्हिडिओ आला आणि लोक तिकडे गेले. माझं मूळ वाक्य मात्र लोकांनी पुढे पाठवलं होतं, ते फिरतच राहिलं. खुलासा कोणीही पुढे पाठवला नाही.

पण ज्या जुन्या सभासदांना मी उर्मट उत्तर दिलं होतं, त्यांनी सविस्तर लिहिलं. माझ्या उद्धटपणाबद्दल एक शब्दही काढला नाही. त्यांचं म्हणणं असं: दर सभेत पहिला विषय असतो, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. लोक तो विषय झोपेत मंजूर करतात. तिथे उभे राहा, इतिवृत्त चुकीचं आहे अशी हरकत घ्या, आणि टाकीचा विषय नव्यानं मतास टाकायला सांगा. टाकीचं काम सुरू होण्याआधी पुढची सभा पूर्ण भरली पाहिजे, नाहीतर ती तहकूब होईल आणि तुमच्या हातात काही राहणार नाही. हे मला कोणी गावात सांगितलं नसतं. म्हणून तो मंच वाईट, असं मी आजही म्हणत नाही.

पुढची सभा ऑक्टोबरात, म्हणजे ऐन सोयाबीन काढणीत. अशा वेळी सभेला कुत्रंही येत नाही. मी सकाळी वावरा-वावरांत हिंडायचो, संध्याकाळी दारोदार. जिथे जिथे तो व्हिडिओ लोकांनी हसत पाहिला होता तिथे तिथे गेलो आणि तोंडानं सांगितलं की मी चुकलो, बाईंनी नाही म्हटलं होतं, सभेला या. मळणी यंत्राच्या आवाजावर ओरडून सांगितलं. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "सोयाबीन घरात येऊ द्या भाऊ, मंग लोकशाही." दुसरा म्हणाला, "तवा हासवलं, आता रडवतं का?" पानठेल्यावरही गेलो. पोरं खाली मान घालून उभी राहिली. मी त्यांना रागावलो नाही. तो शब्द त्यांच्या तोंडात मीच घातला होता.

सभा भरली. सासरे पुन्हा पुढेच बसले होते. सोबती मागे भिंतीशी. ग्रामसेवकांनी इतिवृत्त वाचलं आणि वहीवरून मान वर न करता म्हणाले, "कायम?"

मी उठलो. "हरकत आहे. इतिवृत्त चुकीचं आहे. टाकीची जागा बदलायच्या ठरावाला सरपंचबाईंनी नाही म्हटलं होतं."

उपसरपंच खुर्चीत मागे रेलले. "व्हिडिओ तं तुमीच टाकला होता ना भाऊ? आता काय, त्याचा आवाज बदलला का?"

हसले लोक. हसणारच होते.

"आवाज तोच आहे," मी म्हणालो. "माझा कान चुकला. तांड्याच्या बोलीत कोनी म्हणजे नाही."

मागून एक बाई कडाडली, "आमी तवाच वरडून राह्यलो होतो! कोन ऐकते!"

ग्रामसेवक अडचणीत पडले. "मग बाईंनाच विचारतो," ते म्हणाले. मी सोबत्याकडे पाहिलं, पुढे ये म्हणून हातानं खुणावलं. तो निघालाही. पण त्याच्या आधी म्हातारे सासरे उठले. काठी घेतली, आपल्या बोलीत दोन शब्द बोलले आणि सावकाश बाहेर जाऊन ओट्यावर बसले, आमच्याकडे पाठ करून.

सरपंचबाईंनी ओढणी वर सारून कपाळावर घेतली. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. "टाकी माळावर पाहिजे," त्या म्हणाल्या. ठणठणीत आवाज होता. "खाली बांधली तं पाणी वर चढत नाही, हे लेकराले बी समजते. मी नाही म्हणलं होतं. ते लिहा. अन् सर्वानुमते लिहिलं ते खोडा."

ग्रामसेवकांनी खोडलं. टाकीचा विषय पुन्हा मतास टाकला. हात वर गेले, तांड्याचे तर सगळेच, आणि गावातलेही इतके की उपसरपंचांनी मोजायला सांगितलं नाही. टाकी माळावरच राहिली. लोक पुढच्या विषयाकडे वळले. कोणीतरी माझ्या पाठीवर थापही मारली, आणि मला कळलं की इतिवृत्त दुरुस्त झालं तरी मी अजून त्या बाईंना काहीच बोललो नव्हतो. गावाला सांगितलं, मंचाला सांगितलं, वहीला सांगितलं. मी अजून उभाच होतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आनखी काही राह्यलं का भाऊ?"

मी घरून मोठं बोलणं जुळवून आणलं होतं. त्यात माझा हेतू चांगला होता हे होतं, आदेश होता, सगळीकडे असंच चालतं हेही होतं. ते सगळं मी तिथेच सोडलं. मी हात जोडले.

"हो बाई. तुमी नाही म्हणलं, अन् म्या लोकाईले तुमच्यावर हासवलं. तुमची बोली मले येत नव्हती, तरी कोणाले इचारलं नाही. तुमच्या माणसाले भर सभेतून बाहेर काढलं. पोरं तुमाले चिडवत होती, तवा बी मी दुकानात बसून ऐकत राह्यलो. हे सारं म्या केलं. मायं चुकलं. मले माफ करा."